संशोधनाला माप कोणतं लावायचं?

वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली 'रत्ना' नावाचा आंबा बागायतदारांच्या हाती आला. हापूस आणि दक्षिणेतला नीलम यांचा हा संकर. हापूसला वर्षाआड फळ धरण्याची खोड, शिवाय वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका, म्हणजे गराचा स्पंजासारखा बिघडलेला भाग, निघण्याची भीती. नीलम मात्र दरवर्षी न चुकता लागतो. दोघांचे गुण एका झाडात यावेत म्हणून मोहोरातल्या निवडक फुलांवर हातांनी पराग टाकायचे, धरलेली बहुतेक फळं गळून जाताना पाहायची, उरलेल्यांच्या कोयी रुजवायच्या, रोपांना फळ येईपर्यंत काही वर्षं थांबायचं, मग त्यातलं एखादं झाड निवडून त्याच्या कलमांची पुन्हा अनेक हंगाम पारख करायची. रत्नात साका होत नाही. पुढे त्याच रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून १९९२ साली 'सिंधू' आला. त्याची कोय इतकी पातळ, की बिनकोयीचा आंबा म्हणूनच लोक त्याला ओळखतात.

हे केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. विद्यापीठांच्या संशोधनाची क्रमवारी लावणाऱ्या यंत्रणेने या कामाला किती गुण द्यावेत? शोधनिबंध म्हणून मोजावं, तर वर्षानुवर्षांच्या खटपटीतून हाती मोजके निबंध येतात. पेटंट म्हणून मोजावं, तर भारताच्या पेटंट कायद्यात वनस्पती, बियाणं आणि वाण यांना पेटंट मिळतच नाही. वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे आणि त्याची नोंदणीही वेगळी होते. जगातली बहुतेक मापं शोधनिबंध आणि त्यांना मिळालेली उद्धरणं यांच्यावर उभी आहेत. म्हणून ती मापं कुठून आली, कशी चालतात आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातल्या संशोधनाला कुठे अपुरी पडतात, हे नीट समजून घ्यायला हवं. दरवर्षी यादी लागली की आपल्याकडे वर गेल्याचे पेढे तरी वाटले जातात किंवा खाली गेल्याबद्दल बोटं मोडली जातात. यादी बनली कशी, हे फारसं कुणी विचारत नाही.

एका निबंधात दुसऱ्या निबंधाचा संदर्भ दिला की ते झालं एक उद्धरण, प्राध्यापकांच्या बोलीत 'सायटेशन'. या सायटेशनची पद्धतशीर सूची अमेरिकेतल्या यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली बाजारात आणली. ती कुणाला गुण देण्यासाठी केलेली नव्हती. अमेरिकी वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून अशी सूची होती: एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, तो उचलून धरला की फिरवला, हे तिच्यातून कळे. गारफील्ड यांनी तीच रीत विज्ञानाला लावली. ग्रंथपालाला आणि संशोधकाला पुढचं साहित्य शोधता यावं, एवढाच हेतू. पण निबंध शोधायला बनवलेल्या सूचीत निबंध मोजताही येतात, हे लोकांच्या लगेच ध्यानात आलं.

त्यातून 'इम्पॅक्ट फॅक्टर' आला. समजा, एखाद्या जर्नलने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून २०० निबंध छापले, आणि २०२४ मध्ये ठिकठिकाणच्या निबंधांत त्यांचा ६०० वेळा संदर्भ आला. तर त्या जर्नलचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३. कोणती जर्नल्स घ्यावीत, हे ठरवायला ग्रंथपालांना हा आकडा सोयीचा होता. पण ६०० पैकी ४०० उद्धरणं चार-पाच निबंधांचीच असू शकतात, आणि बरेच निबंध एकाही उद्धरणाविना पडून असू शकतात. जर्नलची ही सरासरी आतल्या प्रत्येक निबंधाच्या कपाळी लावणं चूक आहे, हे गारफील्ड स्वतःही सांगत आले. शिवाय मोजणीची मुदत दोन वर्षांची. वेगाने धावणाऱ्या रेण्वीय जीवशास्त्रात ती पुरते. हापूसचं कलम लावल्यावर पहिलं धड पीक हाती यायला त्याहून जास्त वर्षं लागतात, तिथे त्या कलमावरच्या निबंधाची कदर दोन वर्षांत कशी व्हावी?

दुसरं लोकप्रिय माप 'एच-इंडेक्स'. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी ते २००५ साली सुचवलं. एखाद्या संशोधकाचे सहा निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १२, ७, ४, ३ आणि ० उद्धरणं मिळाली आहेत. किमान चार उद्धरणं मिळालेले चार निबंध आहेत, पण किमान पाच उद्धरणं मिळालेले पाच निबंध नाहीत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स ४. एका गाजलेल्या निबंधाने हा आकडा फुगत नाही, ही त्याची चांगली बाजू. मात्र तो वयानुसार वाढतच जातो, कधी उतरत नाही, आणि गणितज्ञाचा एच-इंडेक्स वैद्यकातल्या संशोधकाच्या एच-इंडेक्सशेजारी ठेवण्यात काही अर्थ नसतो. गणितात निबंध कमी, संदर्भयाद्या छोट्या. वैद्यकात निबंधांचा पूर आणि संदर्भयाद्या लांबलचक. दोन्हीकडची उद्धरणं एकाच तागडीत टाकली, तर गणितज्ञ उगीचच हलका ठरतो.

आपल्याकडची सरकारी क्रमवारी, म्हणजे एनआयआरएफ, २०१५ साली जाहीर झाली आणि तिची पहिली यादी २०१६ मध्ये लागली. विद्यापीठांसाठी तिच्यात अध्यापन आणि साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधन आणि व्यावसायिक कामाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालाला व पुढच्या वाटचालीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांमधल्या प्रतिमेला १० टक्के भार आहे. संशोधनाचे जे १०० गुण, त्यातले ३५ निबंधांच्या संख्येला, ३५ त्यांच्या दर्जाला, १५ पेटंटना आणि १५ प्रकल्प-सल्लागारीतून आलेल्या पैशाला. दर्जाही पुन्हा उद्धरणांवरूनच आणि आघाडीच्या निबंधांत आपले किती यावरूनच ठरतो. म्हणजे शंभरातले सत्तर गुण शेवटी दोन परदेशी कंपन्यांच्या सूचींवर टेकलेले आहेत: स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स. त्यांच्या यादीत तुमचं जर्नल नसेल, तर तो निबंध छापलाच गेला नाही, असंच यंत्रणेच्या लेखी ठरतं.

या सूचींमध्ये विद्यापीठ सापडतं ते त्याच्या नावावरून, आणि इथे एक साधी पण महागात पडणारी गफलत होते. दापोलीचं विद्यापीठ १९७२ साली 'कोकण कृषी विद्यापीठ' म्हणून सुरू झालं. २००१ साली त्याला डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव मिळालं. निबंधाच्या मथळ्याखाली पत्ता लिहिताना कुणी जुनं नाव लिहितो, कुणी पूर्ण नवं, कुणी इंग्रजी भाषांतर, कुणी नुसती आद्याक्षरं. कुणी विद्यापीठ गाळून फक्त वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र लिहितो, कुणी भाट्याचं नारळ संशोधन केंद्र, कुणी शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. संगणकाला ही सगळी एकाच घरची माणसं आहेत हे आपोआप कळत नाही. कुणीतरी बसून ती नावं एका खाती जोडावी लागतात, तोवर एकाच विद्यापीठाचं काम चार-पाच नावांत वाटलेलं राहतं. पुण्याच्या विद्यापीठाचं नाव २०१४ साली बदललं, मुंबईचं त्याच्या बरंच आधी. त्यांनाही हा घोळ निस्तरावा लागला. पण तिथे त्या कामाला माणसं असतात. पत्ता कसा लिहायचा, याचं एका ओळीचं परिपत्रक काढून ते सगळ्या केंद्रांत कटाक्षाने पाळून घेतलं, तर एकही नवा प्रयोग न करता विद्यापीठाचा आकडा सुधारू शकतो. संशोधनाचा दर्जा मात्र तिळभरही बदललेला नसतो.

संलग्न महाविद्यालयांचं दुखणं वेगळं. मुंबई विद्यापीठाचा पसारा सिंधुदुर्गापर्यंत आहे, आणि रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय त्यातलंच. १९४५ पासूनच्या या महाविद्यालयातला प्राध्यापक निबंधावर आपल्या महाविद्यालयाचा पत्ता लिहितो. महाविद्यालय एनआयआरएफमध्ये उतरतं ते महाविद्यालयांच्या वेगळ्या गटात, विद्यापीठ उतरतं ते आपल्या विभागांच्या बळावर. पदवी विद्यापीठाची, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पीएचडीची नोंदणीही विद्यापीठाची, पण संशोधनाच्या हिशेबात दोघांची घरं निराळी. ज्या देशात बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांतच शिकतात, तिथे विद्यापीठाचा क्रमांक म्हणजे नेमका कुणाचा क्रमांक, हा प्रश्न राहतोच.

आणि काही संशोधन तर कोणत्याच खात्यात बसत नाही. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं घ्या. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातले भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं गावोगावच्या सड्यांवर पायपीट केली, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारलं, माती-पाचोळा बाजूला सारून कातळावर कोरलेल्या आकृत्या मोकळ्या केल्या, त्यांच्या जागा नोंदवल्या. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू ही नावं त्या कामामुळे सर्वांना ठाऊक झाली. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. या शोधाची सुरुवात कुठल्या अनुदानित प्रकल्पातून झाली नाही, त्याचा बराचसा पहिला गाजावाजा मराठी वर्तमानपत्रांतून झाला, आणि त्यातले दोघे विद्यापीठाच्या पगारावर नाहीत. त्यानंतर त्या कातळांवर निबंध लिहिणाऱ्यांना उद्धरणं मिळतील. पहिल्यांदा पाचोळा हटवणाऱ्याला मिळतीलच असं नाही. एखाद्या प्रदेशाच्या ज्ञानात खरी भर कुठे पडली, हे विचारलं तर माझं बोट आधी या सड्यांकडे जाईल.

मानव्यविद्यांचीही हीच तऱ्हा. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामात जन्मलेले आणि दापोलीच्या शाळेत शिकलेले पां. वा. काणे मुंबईत वकिली करत. त्यांच्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चा पहिला खंड १९३० साली आला आणि पाचवा १९६२ साली. मधल्या काळात, १९४७ ते १९४९, ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. धर्मशास्त्रावर आजही कुणी लिहायला बसला तर त्याला काण्यांपाशी यावंच लागतं. पण हे सगळं काम ग्रंथात आहे, जर्नलमध्ये नाही, आणि ग्रंथांतली उद्धरणं या सूचींच्या हाती नीट लागत नाहीत. बत्तीस वर्षं एका ग्रंथाला द्यायला आजच्या प्राध्यापकाला कुणी देईल का? दर वर्षाच्या शेवटी त्याला आपल्या फॉर्ममध्ये काहीतरी भरावं लागतं.

क्रमवारीच्या आकड्यांत किती पोकळी असू शकते, याची जगातली दोन उदाहरणं प्रसिद्ध आहेत. २०१० साली टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक यादीत इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया विद्यापीठ १४७ व्या क्रमांकावर आलं, आणि नुसत्या उद्धरणांच्या निकषावर तर जगात चौथं. तपास केला तेव्हा कळलं की हा प्रताप मुख्यतः एकाच संशोधकाच्या निबंधांचा होता. स्वतः संपादक असलेल्या जर्नलमध्ये तो स्वतःचे निबंध छापत असे आणि त्यांत स्वतःचेच जुने निबंध उद्धृत करत असे. दुसरं उदाहरण आपल्या देशातलं, आणि त्यात कुणाचीही लबाडी नाही. २०१३ साली त्याच यादीत चंडीगडचं पंजाब विद्यापीठ भारतीय संस्थांमध्ये पहिलं आलं, आयआयटींच्याही पुढे. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये हिग्ज बोसॉनचा शोध लागला, त्या प्रयोगांत या विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्या निबंधांवर हजारो लेखकांची नावं असत, उद्धरणं प्रचंड मिळत, आणि ती सगळीच्या सगळी प्रत्येक सहभागी संस्थेच्या खाती जमा होत. त्या वैज्ञानिकांचं काम खरंच मोठं होतं. पण त्यावरून त्याच विद्यापीठातल्या इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या विभागाबद्दल काय कळणार? पुढे २०१५ मध्ये टाइम्सने हजारावर लेखक असलेले निबंध हिशेबातून काढले, आणि अनेक संस्था रातोरात घसरल्या. संशोधन तेच, माणसं तीच. बदलली ती मोजपट्टी.

यावर उपाय आहेत. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाची क्रमवारी एका निबंधाचं श्रेय सहभागी संस्थांमध्ये वाटून देते. उद्धरणांची तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या निबंधांशी करते. सरासरीच्या मागे न लागता, विद्यापीठाच्या निबंधांपैकी किती टक्के त्या विषयातल्या अव्वल दहा टक्क्यांत बसतात, हे सांगते. अध्यापन, प्रतिमा, पैसा असं सगळं कालवून एकच आकडा काढत नाही. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती जे मोजते तेवढ्याबद्दलच बोलते. तरीही सूचीबाहेरचं काम तिलाही दिसत नाही.

आकडा नुसता पाहण्यासाठी न राहता बढतीची अट झाला की काय होतं, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या निवडीला आणि बढतीला 'एपीआय' गुणांची पद्धत लावली. निबंध छापला की इतके गुण, पुस्तकातलं प्रकरण लिहिलं की इतके, परिसंवादात वाचला की इतके. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधीही एक निबंध छापून आणणं सक्तीचं होतं. ती अट २०२२ पर्यंत राहिली. हेतू वाईट नव्हता. पण ज्या महाविद्यालयात आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवायचं असतं, प्रयोगशाळेत धड साहित्य नसतं, ग्रंथालयात महागडी जर्नल्स येत नाहीत, तिथल्या शिक्षकाला अचानक निबंधांची गरज पडली. गरज तिथे दुकान उभं राहिलं. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून घ्या, आयएसएसएन नंबर आहे, इम्पॅक्ट फॅक्टरही आहे. तो फॅक्टर कुणी दिला, हे विचारू नका. स्टाफरूममध्ये 'कशावर लिहिलंय' या प्रश्नाची जागा 'लिस्टमध्ये आहे का' या प्रश्नाने घेतली.

म्हणून आयोगाने २०१७ साली मान्य जर्नलांची यादी काढली. तिच्यात तीस हजारांवर नावं होती, आणि त्यातली काही हजार विद्यापीठांनीच सुचवलेली. ही विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल्स कशी आहेत, हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. मोठ्या सूचींमध्ये नसलेली १,००९ जर्नल्स त्यांनी एकेक करून पाहिली: पत्ता खरा आहे का, संपादकांची नावं दिली आहेत का, ती माणसं त्या विषयातली आहेत का, इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खरा आहे का. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: ८८ टक्क्यांहून अधिक जर्नल्स हलक्या दर्जाची असावीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावं यादीतून वगळली. मग पुणे विद्यापीठातूनच 'यूजीसी-केअर' ही नवी यादी चालवली गेली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकण्यात आली.

मला त्या १,००९ जर्नलांच्या तपासणीत एक मोठी गोष्ट दिसते. हजारो शिक्षक, शेकडो समित्या आणि एक राष्ट्रीय आयोग यांच्या नजरेतून जे सुटलं, ते काही माणसांनी बसून, एकेक पान उघडून, पत्ता आणि नाव पडताळून शोधून काढलं. त्यात कुठलं अवघड सूत्र नव्हतं. वाचणं होतं.

क्रमवारीमुळे अभ्यासच वाकडा होतो, हे फार जुनं दुखणं आहे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झाले, आणि मराठी घरांत 'रँग्लर' ही पदवी नावाला कायमची चिकटली. तो मान गणिताच्या परीक्षेतल्या गुणानुक्रमाचा होता. पण त्या क्रमासाठी तिथले विद्यार्थी खासगी शिकवण्या लावत, ठरावीक तऱ्हेची गणितं झटपट सोडवण्याचा सराव करत, आणि युरोपात चाललेल्या नव्या गणिताकडे त्यांचं लक्ष जात नसे. अखेर १९०९ नंतर केंब्रिजने गुणानुक्रमाने नावं जाहीर करणं थांबवलं. बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांत जी. एच. हार्डी होते, पुढे रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे हेच. परांजप्यांची बुद्धी त्याने तसूभर कमी होत नाही. केंब्रिजने मात्र ओळखलं की, त्या यादीमुळे गणिताचं नुकसान होत आहे.

मग आकडे फेकून द्यायचे का? नाही. आकड्यांनी एक मोठं काम केलं आहे: ओळखीपाळखीच्या जोरावर चाललेल्या नेमणुकांना आणि 'आमचं विद्यापीठ थोर' अशा पोकळ अभिमानाला त्यांनी पुराव्याचा प्रश्न विचारला. ज्या विभागातून दहा वर्षांत एकही निबंध बाहेर पडलेला नाही, त्याला जाब विचारायलाच हवा. २०१५ साली 'नेचर'मध्ये संशोधन-मूल्यमापनाच्या जाणकारांनी 'लायडन जाहीरनामा' नावाने दहा तत्त्वं मांडली. आकड्यांनी तज्ज्ञांच्या पारखीला आधार द्यावा, तिची जागा घेऊ नये, हे त्यातलं पहिलं. स्थानिक गरजेच्या उत्तम संशोधनाला संरक्षण द्यावं, हे तिसरं. कोकणासाठी मला हे तिसरं तत्त्व फार मोलाचं वाटतं. तुडतुडा, फुलकिडे, साका, सुपारीची गळ यांच्यावर काम करणारा दापोलीचा संशोधक जगातल्या किती प्रयोगशाळांच्या विषयावर लिहितो? मोजक्याच. तेव्हा त्याला उद्धरणं कमी मिळणं हा त्याच्या कामाचा दोष नाही. तो प्रश्नच जगात मोजक्या लोकांना पडलेला आहे.

ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन दर काही वर्षांनी होतं. २०२१ च्या फेरीत ६० टक्के भार प्रत्यक्ष ग्रंथ-निबंधांना होता. ते विषयतज्ज्ञांच्या मंडळांनी तपासले, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर विसंबून गुण दिले नाहीत. २५ टक्के भार समाजावर झालेल्या परिणामाला होता. त्यासाठी प्रत्येक विद्यापीठाने प्रकरणं लिहून द्यायची: कुठल्या संशोधनातून, कुणाच्या आयुष्यात, काय बदललं, पुरावा काय. ही पद्धत खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, आणि तिथेही चांगली प्रकरणं लिहून देणाऱ्यांचा धंदा उभा राहिलाच. पण निदान वाण, औषध, कायदा, धरण अशा गोष्टींना तिथे जागा आहे.

आपल्याकडे शेतीपुरती अशी एक जागा फार पूर्वीपासून आहे, आणि तिची दखल आपण घेत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी 'संयुक्त ॲग्रेस्को' या संशोधन-आढाव्याच्या बैठकीसाठी एकत्र जमतात. प्रत्येक विद्यापीठ आपले नवे वाण, अवजारं आणि लागवडीच्या शिफारशी मांडतं. किती ठिकाणी चाचणी घेतली, किती हंगाम घेतली, आधीच्या वाणापेक्षा उत्पादन किती वाढलं, यावर दुसऱ्या विद्यापीठांचे लोक प्रश्न विचारतात. टिकलं तेवढंच शेतकऱ्यांसाठी प्रसारित होतं. संशोधन मोजण्याची ही गंभीर रीत आहे आणि ती इथलीच आहे. तरी विद्यापीठाच्या संशोधनाबद्दल बोलताना आपल्या तोंडी एनआयआरएफचा क्रमांक येतो, ॲग्रेस्कोत काय टिकलं हे येत नाही.

अर्थात वाणांची संख्या मोजूनही भागत नाही. रत्ना साक्यापासून मुक्त आहे, दरवर्षी फळतो, तरीही कोकणात आजही लोक लावतात ते हापूसच, कारण बाजार आणि जिभेची सवय हापूसची आहे. उलट वेंगुर्ल्याहूनच आलेले काजूचे 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' बागायतदारांनी आपलेसे केले, कोकणातल्या रोपवाटिकांत त्यांचीच कलमं मागितली जातात. दोन्हीकडचं शास्त्र चोख. फरक पडला तो प्रसारानंतर, आणि प्रसारानंतरची नोंद ठेवण्याची सवय आपल्याला नाही.

ती लावून घेता येईल. ॲग्रेस्कोत मंजूर झालेल्या प्रत्येक वाणाचा आणि शिफारशीचा दहा वर्षांनी पुन्हा हिशेब घ्यावा: किती गावांत गेली, कुठे टिकली, कुठे का सोडून दिली. हे विद्यापीठाने मराठीत छापावं, आणि हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला त्याचे गुण मिळावेत. हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून दापोलीच्या शास्त्रज्ञांनी कल्टार या वाढ रोखणाऱ्या रसायनाची मात्रा ठरवून दिली: झाडाच्या घेराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिलिलिटर, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, मुळांजवळ. आज ती शिफारस कोकणभर वापरात आहे. पण झाडाचा व्यास टेपने मोजून मात्रा किती जण ठरवतात, अंदाजाने जास्त ओतणारे किती, त्यांच्या कलमांचं पुढे काय झालं, भाडेपट्ट्याने बाग घेणारा आणि बागेचा मालक यांच्या वापरात काही फरक आहे का, याचं उत्तर कुठल्याही उद्धरणसूचीत सापडणार नाही. त्यासाठी राजापुरापासून दापोलीपर्यंतच्या बागांत जाऊन एकेक झाड पाहावं लागेल, आणि त्या हिंडण्यालाही संशोधनाच्या रकान्यात जागा द्यावी लागेल.